डफवालीचा चेहरा

कार्यशाळा,
३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनात दुसरंच आहे.)

इकडे सर्व ठीक. तुझं कुशल विचारत नाही, कारण ते रंगीत, गुळगुळीत कागदावर छापून माझ्यासमोर पडलंय. फोन का उचलत नाहीस असं तू सारखं विचारतोयस. उचलला तर तोंडातून असं काही निघेल की ते दोघांनाही जन्मभर पुरेल. कागदावर निदान खोडता तरी येतं.

परवा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. टेबलावर तुमच्या खात्याची पुस्तिका होती, 'आवर्जून पाहावीत अशी प्राचीन देवळं आणि वास्तू'. मुखपृष्ठावर आपलं देऊळ! आपलं म्हणजे आप्पांनी ज्याच्यासाठी सहा वर्षं दगड घडवले ते आणि ज्याचा तू व्यवस्थापक म्हणून कारभार बघतोस ते. मी हरखले, खोटं कशाला बोलू. शेजारच्या अनोळखी बाईंना सांगूनसुद्धा टाकलं की पूर्वेच्या भिंतीवरची ही वाद्यं वाजवणाऱ्या बायकांची ओळ आमच्या वडिलांनी दुरुस्त केली आहे. त्या म्हणाल्या, डफ वाजवणारीचा चेहरा किती जिवंत आहे हो. मी म्हटलं, तिला चेहरा नाहीये, कोराच ठेवलाय. त्यांनी पुस्तिका माझ्या नाकासमोर धरली.

अरे, डफवालीला चेहरा! आणि चेहरा कुणाचा? आपल्या आईचा! तेच रुंद कपाळ, तीच खालच्या ओठाची ठेवण, हसू दाबताना बारीक व्हायचे तसे डोळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी आत बोलावलं तर दाढ कुठली दुखतेय तेच मला सांगता येईना.

ते डोकं आप्पांनी कसं घडवलं हे तू रोज बघत होतास. मूळ डोकं कधी तुटलं, कुठे गेलं, कुणालाच माहीत नाही. चित्र नाही, वर्णन नाही. खांद्यावर अंबाड्याची खूण होती म्हणून त्यांनी अंबाडा कोरला. मानेच्या शिरांवरून कळत होतं की मान डावीकडे झुकलेली होती, म्हणून झुकवली. पुढे काहीच कळत नव्हतं, तिथे चेहरा नुसता गुळगुळीत सोडला. मानेभोवती नखाएवढी रेघ राखली, म्हणजे लांबून आलेल्या माणसाला जुना हात कुठला आणि आपला कुठला ते दिसावं. जे माहीत नाही ते कोरायचं नाही, एवढ्या एका गोष्टीपायी त्यांनी दोन मोठी कामं सोडली आणि त्या वर्षी आपण कसे राहिलो ते तू विसरला असशील, मी नाही.

तर आता मला सांग, हे कुणी कोरलं? कुणाला विचारून? आप्पांना काही कळलेलं नाही. पुस्तिका मी पर्समध्ये घालून आणली आणि गोण्यांच्या ढिगाखाली दडवली आहे. त्यांना कळायच्या आत तो चेहरा उतरव. कसा उतरवतोस ते मला ऐकायचं नाही.

कळावे. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. आधी उत्तर धाड, मग बघते.

तुझी
ताई


देवस्थान कचेरी,
१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरच्या टेबलावरची पुस्तिका पर्समध्ये घालून आणणं याला काय म्हणतात ते तूच मला लहानपणी चोप देऊन शिकवलं होतंस. असो.

आता माझंही जरा ऐकून घे. तुम्ही दोघं तिथे अंगणात बसून दगडाशी खरं बोलता, इथे मला माणसांशी बोलावं लागतं. मी इथे रुजू झालो तेव्हा सभामंडपात वटवाघळांची घाण घोट्याएवढी साचली होती आणि गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर कुणीतरी चक्क सायकली दुरुस्त करत होतं. इथून दीड तासावरचे ते प्रसिद्ध घुमट बघायला लोक विमानानं यायचे आणि आपल्या दारावरून न थांबता जायचे. आज फाटकाशी बसगाड्या उभ्या राहतात. सकाळी पहिलं ऊन पूर्वेच्या भिंतीवर तिरकं पडतं आणि त्या वाद्यं वाजवणाऱ्या बायका एकेक करून उजेडात येतात, ते बघायला माणसं झोपमोड करून येतात. हे आपोआप झालेलं नाही.

आणि येऊन विचारायचे काय, तर ही डफवाली अर्धवट का? कारागीर मेला का? कामावरून पळाला का? मी पाटी लावली, त्यात आप्पांचं सगळं तत्त्व समजावून सांगितलं. पाटी वाचतं कोण! एका सहलीतल्या पोरांनी डफवालीचं नाव बटाटेवाली ठेवलं आणि ते इतकं पसरलं की आमचे गाइडसुद्धा बटाटेवालीपाशी जमा असं सांगायला लागले. आप्पांच्या हातच्या कामाला लोक बटाटा म्हणतात हे मी रोज कचेरीत बसून ऐकत होतो. तुला ऐकावं लागलं नाही. मग मुख्य कचेरीतून निरोप आला की पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आपलं देऊळ घ्यायचा विचार आहे, पण बिनचेहऱ्याची बाई चालणार नाही. मी एका मूर्तिकाराला बोलावलं. चांगला, जाणता माणूस आहे. त्यानं विचारलं, चेहरा कसला हवा. मी खिशातून फोन काढला.

तो फोटो तुला माहीत आहे. आई आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात अंगणात तिला जवळ घेऊन मी हात लांब करून काढला होता तो. बघायचं कुठे, असं ती सारखी विचारत होती. त्यात मी पण आहे, अर्धा कापला गेलोय.

आता कर आरडाओरडा. पण एका प्रश्नाचं उत्तर दे. आई जन्मभर भट्टीपुढे बसून आप्पांच्या छिन्न्या तापवत होती, पाण्यात बुडवून त्यांच्या धारेला पाणी देत होती. तिच्या हातची धार घेऊन आप्पांनी कुठल्या कुठल्या देवळांतल्या परक्या बायका कोरल्या. त्यातली एक तरी छिन्नी कधी तिच्यासाठी चालली का? घरात तिची एवढीशी मूर्ती तरी आहे का? मी ती उणीव भरून काढली. कचेरीची खिडकी उघडली की ती समोर असते. ती जायच्या आधी तुला आठ महिने मिळाले तिच्याबरोबर, मला दोन रविवार. मला एवढंही मिळू नये?

दुसरं म्हणजे, १५ मार्चला खात्यातर्फे आप्पांचा सत्कार ठरला आहे. त्याच भिंतीखाली मांडव घालायचा आहे. निमंत्रण सोबत जोडलं आहे, त्यांचा मूड बघून दे.

कळावे. लोभ नसेल तर नसो, राग तरी पुढच्या टपालापर्यंत शिल्लक ठेवावा, ही विनंती.

तुझा
धाकटा


कार्यशाळा,
१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. उत्तम वगैरे या वेळी गाळले आहे.

निमंत्रण वाचलं. मला वाटलं होतं की तू नुसता आगाऊपणा केलास. हे त्याच्या कितीतरी पुढचं आहे. त्यात छापलंय की 'डफवादिकेच्या विलोभनीय मुद्रेचे निर्माते' म्हणून आप्पांचा सत्कार. निर्माते! म्हणजे तो चेहरा आप्पांनी कोरला असं तू खात्याला सांगितलंस. ज्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट धरून ठेवली, की माझ्या दगडानं कुणाला फसवू नये, त्याला तू मंचावर बसवून, फसवल्याबद्दल टाळ्या मिळवून देणार? लाज कशी वाटली नाही तुला? सत्तरी ओलांडलेला माणूस, चार लोकांत नाव आहे ते फक्त खरेपणाचं. दुसरं काय आहे रे त्यांच्यापाशी? तेच तू त्यांच्या हयातीत, त्यांच्या तोंडावर पुसून टाकतोयस.

आणि आठ महिन्यांचं म्हणतोस. मला मिळाले! जसा काही कुणी मला बक्षीस दिला होता तो काळ. तिला उठवून बसवायचं, तिचं अंग पुसायचं, ती रागावली की ऐकून घ्यायचं, आणि दर शनिवारी ती विचारायची की धाकटा येतोय का, तेव्हा उत्तर शोधायचं, हे मला मिळालं. तुझे पाय कुणी बांधले नव्हते. रजा मंजूर होत नाही म्हणायचास. त्याच महिन्यात दिव्यांच्या रोषणाईचं बटण दाबताना तुझा फोटो पेपरात आला होता. आईनं तो कापून उशीखाली ठेवला. मला म्हणाली, बारीक झालाय गं. मी काही बोलले नाही. आता बोलते. तेव्हा तिचा खरा चेहरा बघायला तुला सवड नव्हती आणि आता तो भिंतीवर टांगून लोकांना तिकीट लावून दाखवतोयस.

आप्पांनी तिला का कोरलं नाही हे मला विचारू नकोस. त्यांना विचार. तेवढी छाती असेल तर.

माझं म्हणणं सोपं आहे. खात्याला खरं कळव. निमंत्रण बदल. आणि आप्पांना स्वतःच्या हातानं पत्र लिहून सांग की तू काय केलंस. या महिन्याअखेर तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुला परवडणार नाही.

कळावे. लोभ काही दिवस बाजूला काढून ठेवला आहे, लायक झालास की परत मिळेल.

ताई


देवस्थान कचेरी,
२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातला पेपरच्या फोटोचा मजकूर मी एकदाच वाचला. पुन्हा वाचणार नाही. तू तो मुद्दाम लिहिलास, आणि तो जिथे लागायला हवा होता तिथे बरोबर लागला. झालं समाधान?

रजेचं खोटं होतं. मंजूर झाली होती. दुसऱ्या रविवारी आलो तेव्हा आईनं माझा हात धरला आणि तिच्या हाताला काही वजनच नव्हतं. त्या हातानं ती घण उचलायची. मी परतीच्या गाडीत बसलो आणि ठरवलं की पुढच्या रविवारी जाऊ, मग त्याच्या पुढच्या. हे तुला सांगून काही उपयोग नाही हे मला माहीत आहे. तू तिथे होतीस, म्हणून कायम तूच बरोबर. तुम्ही दोघांनी आईला आपसात वाटून घेतलंत, आजारपण तुझ्याकडे, भट्टी आप्पांकडे. माझ्या वाटणीला काय आलं ते मी सांगितलं तर ते खोटं, दिखाऊ, तिकीट लावलेलं.

आता कामाचं. निमंत्रणं गेली. साहेब स्वतः येणार आहेत. त्या चेहऱ्याला आता हात लावायचा तर वरच्या कचेरीच्या सह्या लागतील, आणि मग पहिला प्रश्न येईल की आधी कोरताना कुणाच्या सह्या होत्या. माझी नोकरी जाईल गं, एवढं सरळ आहे. हे देऊळ मी उभं केलंय, ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल आणि तो पुन्हा पायऱ्यांवर सायकली लावू देईल.

मी आप्पांना सांगणार आहे, पण सत्कार झाल्यावर. तोपर्यंत तू गप्प राहा. मांडवात त्यांची खुर्ची मी भिंतीकडे पाठ करून ठेवतो. समोरून हारतुरे, भाषणं, फोटो. वर बघायची वेळच येणार नाही. संध्याकाळी गाडीनं घरी. ताई, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. (मागितलं असेल, पण एवढं कळकळीनं नाही.)

हो, मूर्तिकारालाही मी तसंच सांगितलं होतं, की आप्पांचीच इच्छा आहे. नाहीतर तो कामाला हातच लावेना. तेव्हा कृपा करून त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

कळावे. लोभ असावा, आणि तोंड बंद असावं.

धाकटा


कार्यशाळा,
१ मार्च

चि. धाकट्यास,

मी कुणाच्या वाटेला गेले नाही. तोच आला.

काल दुपारी तुझा मूर्तिकार आपल्या दारात उभा. पन्नाशीचा, हाताला घट्टे, बोलणं अदबशीर. आप्पांना म्हणाला, तुमच्या इच्छेचं काम माझ्या हातून झालं, तेव्हा एकदा भेटून जावं म्हटलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले, कारण माझ्या तोंडाकडे बघून लहान पोरालाही कळलं असतं. बाहेर आले तेव्हा तो आप्पांना फोनवर फोटो दाखवत होता. तुझा आणि आईचा अंगणातला, आणि भिंतीवरचाही.

आप्पा त्याच्यासमोर ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, पापण्यांच्या कडांना कुठलं हत्यार वापरलं ते विचारलं. हात चांगला आहे तुमचा, असंही म्हणाले. तो माणूस इतका सुखावून गेला की मला त्याची दया आली. तो फाटकाबाहेर पडल्यावर आप्पांनी माझ्याकडे नुसता हात पुढे केला. मी पुस्तिका, निमंत्रण आणि तुझी दोन्ही पत्रं आणून दिली. काय करणार होते दुसरं? त्यांनी सगळं वाचलं, घडी घातली, आणि मला एवढंच म्हणाले की तू मला आंधळा समजलीस का. एवढ्या आवाजात म्हणाले की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. हा राग तुझ्या वाटणीचा होता, तो मी खाल्ला. तो तुझ्या हिशेबात मांडून ठेवलाय.

आज सकाळी उठले तर ते घरात नाहीत. हत्यारांची पिशवी नाही. वरच्या फळीवरचं ते गुंडाळलेलं फडकंही नाही, ज्यात आईनं पाणी दिलेल्या शेवटच्या छिन्न्या होत्या. ती गेल्यापासून त्यांनी त्यांना हात लावला नव्हता. हे पत्र तुला मिळेल तोवर ते तिथे पोचून गेलेले असतील. तुझा फोन मी सकाळपासून दहा वेळा लावला, आता तूच उचलत नाहीस. बैठकीत असशील. तुझ्या बैठकी!

एक सांगून टाकते, कारण मलाही चैन पडत नाहीये. ती पुस्तिका मी फाडू शकले असते. फाडली नाही. रोज भांडी आवरून झाली की गोण्या बाजूला करून बघत होते. आई दिसायची म्हणून बघायचे आणि ती तिथे दिसते म्हणून तुझ्यावर संतापायचे. म्हणजे तुझ्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी लपवून बघत होते. याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आला आहे.

आप्पा भेटले तर त्यांना खायला घाल. काही खाऊन गेलेले नाहीत.

कळावे. लोभ परत करत आहे, नीट वापर.

ताई


तुझी कचेरी,
१ मार्च, दुपार

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू मुख्य कचेरीत बैठकीला गेला आहेस असं पहारेकऱ्यानं सांगितलं. तुझ्याच खुर्चीत बसून, तुझ्याच कागदावर लिहितो आहे. पहारेकऱ्याला रागावू नकोस. शिडी त्यानं धरली. मी त्याला सांगितलं की माझं काम दुरुस्त करायचं आहे. ते खोटं नव्हतं. त्या दगडाची सोपवणी अजून झालेली नाही, कागदावर तो माझ्याच ताब्यात आहे. तुझे साहेब विचारतील तेव्हा त्यांना माझं नाव सांग. तुझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. चेहऱ्याचं आधी खरं सांगितलं असतंस तर निदान ताठ मानेनं गेली असती.

रात्रीच्या गाडीनं आलो, आणि पहिल्या उन्हाला मी भिंतीखाली गर्दीत उभा होतो. लोक फार चांगले होते. लांबून आलेले, थंडीत कुडकुडत, मुलांना खांद्यावर घेऊन उभे. तुझा गाइड त्यांना सांगत होता की हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराची बायको तरुणपणी गेली, तिच्या आठवणीत त्यानं तिचा चेहरा या डफवालीला दिला. एक बाई डोळे पुसत होती. तिला किती लांबून यावं लागलं असेल, आणि तिला काय मिळालं? तुझ्या गाइडच्या तोंडचं खोटं, माझ्या दगडावर. पाच महिन्यांत एक थाप हजार वर्षं जुनी झाली. मी कोरा ठेवला होता तो याचसाठी. तू म्हणतोस लोक बटाटा म्हणायचे. म्हणू दे ना. बटाटा म्हणून हसणाऱ्यांना कुणी फसवलेलं नव्हतं.

फाटक बंद करवून मी वर चढलो. जवळून पाहिलं. काम सुरेख आहे. मूर्तिकाराचा काही दोष नाही, त्याला जसं सांगितलं तसं त्यानं केलं. मला वाटलं होतं की तिला तिथे बघून माझा हात चालणार नाही. खरंच वाटलं होतं. मग तीळ दिसला.

तुझ्या आईला गालावर तीळ होता. बारीक, खालून दिसणार नाही एवढा. डाव्या गालावर. त्यानं तो कोरलाय, पण उजव्या. काल चहा घेताना त्यानं मला सांगितलं होतं की फोन आपल्याकडे धरून फोटो काढला की कधीकधी तो आरशासारखा उलटा निघतो. तेव्हा मला ते का सांगतोय कळलं नव्हतं, फोनमधलं मला काही कळत नाही. वर शिडीवर कळलं. फोटो उलटा होता. मूर्तिकारानं तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यानं समोर आलं ते कोरलं. पण तू? तू तिच्या मांडीवर वाढलास. तिथे उभं राहून तूच काम करून घेतलंस, शिडीवर चढून बघितलंही असशील. खिडकी उघडली की ती समोर असते, असं ताईला लिहिलंस. कोण समोर असते रे?

मला जन्मात इतका राग आला नव्हता. कंत्राटदारांचा आला नव्हता, दगड फुटला तेव्हा आला नव्हता. शिडीवर उभा राहून मी तुला मोठ्यानं शिव्या दिल्या, पहारेकऱ्यानं ऐकल्या आहेत. मग काम सुरू केलं. कपाळ आधी, मग डोळे. नाक, तोंड. दुपारपर्यंत उरकलं. हात थांबला नाही असं लिहिणार होतो, पण मग तू म्हणशील की आप्पा दुसऱ्याला खरं सांगायला शिकवतात. ओठांपाशी थांबला.

तिला कधी का कोरलं नाही, असं तू ताईला विचारलंस. मला विचारायचं होतंस. दोनदा बसवलं होतं मी तिला समोर. दोन्ही वेळा लोखंड तापलं म्हणून उठून गेली. तिसऱ्यांदा म्हटलं तर अंगावर आली, आधी कामाचं बघा म्हणाली. मग राहिलं. तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही हे तुला ठाऊक असायला हवं.

सत्काराला मी येईन. काय झालं ते मंचावरून मीच सांगेन, तुला बोलावं लागणार नाही. तू फक्त उभा राहा. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेव.

एक काम मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. चेहरा पूर्ण गेला आहे, उजवा गाल तेवढा शिल्लक आहे, तिळासकट. तो तू काढायचास. छिन्नी धरायला तुला मीच शिकवलं आहे, विसरला असशील तर हाताला आठवेल. शिडी तिथेच आहे, एक छिन्नी तुझ्या टेबलावर ठेवली आहे. घाई करू नकोस. तो तीळ तुझ्या हातानं काढ, म्हणजे कुठल्या गालावर होता ते पुन्हा चुकणार नाहीस.

खाल्लं आहे, ताईला कळव. तिलाही मी फार बोललो, तेही कळव.

कळावे. यापुढे लोभाचं एक वाक्य असतं. ते तुझी आई लिहायची, मी नुसती खाली सही करायचो.

आप्पा